स्वहस्तसिद्ध संगणकाचे पतनशास्त्र : स्मृतिपट्टीमेलन-विचारासह

१. अनुबंध

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगावे असा आपल्याकडील ग्रंथकारांचा दंडक आहे आणि तो मोडण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही. विषय : सुटे भाग आणून घरी जुळविलेल्या डेस्कटॉप संगणकाचे अकस्मात पतन, आणि त्या पतनाशी रॅमच्या पट्ट्यांच्या परस्परमेलनाचा असलेला कार्यकारणभाव. प्रयोजन : पतनाचे निवारण, ते न साधल्यास निदान त्याचे यथाशास्त्र नामकरण. संबंध : प्रतिपाद्य-प्रतिपादकाचा, नेहमीचाच. राहता राहिला अधिकारी. त्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे.

दुकानातून तयार यंत्र उचलून आणणारा मनुष्य या शास्त्राचा अधिकारी नव्हे. यंत्र बंद पडले की तो ग्राहकसेवेस फोन लावतो आणि तक्रार क्रमांक मिळताच कृतकृत्य होतो. त्यास दुःख असते, जिज्ञासा नसते. अधिकारी तोच, ज्याने ग्रँट रोड स्टेशनावर उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे पालिकेच्या दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दोन्ही बाजूंनी पालथा घातला. प्रोसेसर एका दुकानात, मदरबोर्ड दुसऱ्यात आणि शे-दीडशे रुपये वाचतात म्हणून रॅम जिना चढून तिसऱ्यात घेतली. घरी येऊन दिवाणावर वर्तमानपत्र अंथरले, पंखा बंद करावयास लावला, आणि पुढच्या बटणांच्या बारीक तारा मोबाइलच्या उजेडात एकेक करून पिनांवर चढविल्या. आणि ज्याच्यापाशी अखेरीस एक स्क्रू उरला. उरलेल्या स्क्रूची मीमांसा स्वतंत्र प्रबंधाची अपेक्षा करते. येथे इतकेच नमूद करतो की तो कशाचाच नसतो आणि तरीही टाकून द्यावयाचा नसतो.

२. पतनलक्षण

वापरकर्त्याच्या संकल्पावाचून संगणकाने आपण होऊन केलेला कार्यत्याग म्हणजे पतन. या लक्षणातील प्रत्येक पद सहेतुक आहे. 'संकल्पावाचून' हे पद नसते तर रोज रात्रीच्या शटडाउनवर अतिव्याप्ती झाली असती. 'आपण होऊन' या पदाने भारनियमन, फ्यूज, आणि केर काढताना प्लगास लागलेला झाडू यांचे निरसन होते. 'कार्यत्याग' याऐवजी 'कार्यमांद्य' म्हटले असते तर सरकारी कचेऱ्यांतील समस्त यंत्रे लक्ष्यकोटीत येऊन शास्त्र आवाक्याबाहेर गेले असते.

पतन पंचविध आहे.

प्रथम, नीलपतन. चालू कामावर निळा पडदा पडतो आणि इंग्रजीत दिलगिरी व्यक्त होते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून त्यावर एक खिन्न मुखाकृती विराजमान झाली. २०१६ पासून तीत क्यूआर कोडाची भर पडली, जेणेकरून संगणक बंद पडल्याचे वृत्त मनुष्यास मोबाइलवरही वाचता यावे. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आहे. त्यामुळे संज्ञा बदलून 'कृष्णपतन' करावी असा नव्यांचा आग्रह आहे. योगार्थापेक्षा रूढार्थ बलवान या न्यायाने आम्ही जुनी संज्ञा कायम ठेवतो.

पडद्याच्या तळाशी एक वचन असते : 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', अथवा सर्वांत गूढ असे 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. नवशिका या वचनाचा अर्थ शोधू लागतो. तज्ज्ञ अर्थ पाहत नाही, पुनरावृत्ती पाहतो. प्रत्येक पतनाला तेच वचन उमटत असेल तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरात आहे. दर वेळी निराळे वचन उमटत असेल तर रॅमवर संशय धरावा. कारण उघड आहे. रॅममधील सदोष पेशी जागच्या जागी असते, पण तिच्यात वास्तव्यास कोण येईल याचा नेम नसतो. सोमवारी तेथे ध्वनियंत्रणेचा तुकडा असतो, मंगळवारी एखादा फाँट, बुधवारी ब्राउझर. जो येतो तो पडतो आणि मरताना आपापल्या भाषेत बोलतो.

द्वितीय, सद्यःप्रत्यारंभ. येथे पडदा नाही, वचन नाही. यंत्र क्षणात विझते आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा सुरू होते. इव्हेंट व्ह्यूअर उघडल्यास 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद आढळते. तिचा आशय असा की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. नैयायिक या दोषास सिद्धसाधन म्हणतात : जे आधीच ठाऊक आहे ते सिद्ध करून दाखविणे.

तृतीय, स्तंभ. लोकभाषेत 'हँग'. पडद्यावरील चित्र जसेच्या तसे राहते, बाण हलत नाही, आणि गाणे चालू असल्यास त्याचे शेवटचे अक्षर अखंड 'टर्रर्र' करीत राहते. या अवस्थेत प्राण आहे की नाही हे जाणण्यासाठी नमलॉक-परीक्षा विहित आहे. कीबोर्डवरील नमलॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर आत अद्याप कोणी ऐकत आहे, थांबावे. दिवा ढिम्म असेल तर पॉवरचे बटण दाबून धरावे व त्या काळात कोणाशीही बोलू नये.

चतुर्थ, अनुत्थान. पंखे फिरतात, रंगीबेरंगी दिवे फेर धरतात, मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' म्हणतो. कारागीर यालाच 'डिस्प्ले येत नाही' म्हणतात. अलीकडील अनेक मदरबोर्डांच्या कडेला चार इवले दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. यांपैकी डीरॅमचा दिवा अडून बसला तर प्रथम पट्टी पुरती बसली आहे काय ते पाहावे. पट्टी खाचेत जाताना टोकाचे चिमटे 'खट्' असा ध्वनी करतात. काही बोर्डांना दोन्ही टोकांस चिमटे असतात, काहींना एकाच. दोन चिमट्यांच्या बोर्डावर एका खटक्यात समाधान मानणाऱ्यास आम्ही अर्धखट् अशी संज्ञा दिली असून अनुत्थानाचे मोठे श्रेय त्याच्याकडे जाते. डीडीआर-५ च्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म भेद आहे. नवी पट्टी प्रथम लावल्यावर बोर्ड तिच्याशी जुळते घेण्यासाठी कित्येक मिनिटे मौन धरतो. हे अनुत्थान नव्हे, प्रशिक्षण होय. मौन भंगण्याआधी बटण दाबणाऱ्यास तेच मौन पहिल्यापासून ऐकावे लागते.

पंचम, गुप्तपतन. यात यंत्र पडत नाही. एवढेच या प्रकाराचे भय. रॉबर्ट डेनार्ड या आयबीएममधील अभियंत्यास १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, त्याच रचनेवर आजची रॅम उभी आहे : एका बिटास एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर. कपॅसिटरमधील भार गळतो, म्हणून तो साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. ही भरणी एकदा चुकली, किंवा बाहेरून एखादा कण येऊन आदळला, तर शून्याचा एक होतो. इंटेलमधील मे व वुड्स यांनी १९७८ च्या सुमारास दाखवून दिले की खुद्द चिपच्या वेष्टणातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण हा उद्योग करीत होते. २००३ साली बेल्जियममधील स्खारबेक येथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवारास ४०९६ मते अधिक पडली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट उलटले, आणि त्याचा संशय अंतरिक्षातून आलेल्या कणावर धरला गेला. ती मते शक्य संख्येहून अधिक भरली म्हणून प्रकार उघडकीस आला. आपल्या घरी पुतणीच्या बारशाच्या फोटोत खालचा अर्धा भाग राखाडी होतो तेव्हा असा कोणताही ताळा उपलब्ध नसतो, आणि दोष फोटो काढणाऱ्या काकांवर येतो.

गूगलच्या हजारो सर्व्हरांवर आधारलेला जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक दुरुस्त करता येण्याजोगी चूक आढळली होती. तेथील रॅम ईसीसी, म्हणजे चूक धरून सुधारणारी, असते. घरगुती यंत्रात सहसा ती नसते. तेथे चूक होते आणि नांदते.

३. प्रमाणविचार

पतन झाले हे ज्ञात झाले. कशामुळे झाले हे कोणत्या साधनाने जाणावे? न्यायदर्शनाने सांगितलेली चारही प्रमाणे येथे जशीच्या तशी लागू पडतात, ही बाब आजवर दुर्लक्षित राहिली आहे.

प्रत्यक्ष म्हणजे दिव्यांचे दर्शन, भोंग्याचे श्रवण आणि, तळलेल्या वासाच्या बाबतीत, घ्राण. तिसऱ्या प्रत्यक्षानंतर उरलेल्या तीन प्रमाणांची गरज राहत नाही.

उपमान हे प्रमाण आपल्या समाजात सर्वाधिक वापरात आहे. ज्याने गवा कधी पाहिला नाही त्यास 'तो गाईसारखा असतो' असे सांगितले असता रानात गवा ओळखता येतो, हे त्याचे शास्त्रोक्त उदाहरण. येथे गाईच्या स्थानी मेहुणा असतो. 'अगदी अस्संच माझ्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरला झालं होतं, शेवटी मदरबोर्ड बदलावा लागला' हे वाक्य उच्चारले जाताच श्रोत्याच्या यंत्रातील मदरबोर्ड दोषी ठरतो. मेहुण्याच्या घरात उंदीर होते हे नंतर कळते.

शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य. आप्त कोण? 'आयटीत असलेला भाचा' असे त्याचे सर्वमान्य लक्षण आहे. तो हिंजवडीत एखाद्या बँकेच्या पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर सांभाळतो व त्याने आयुष्यात कॅबिनेटचे झाकण उघडलेले नसते, हा आक्षेप गौण होय. आप्तत्व जिज्ञासूच्या श्रद्धेत वसते. भाचा फोनवर एकच प्रश्न विचारतो, 'मामा, रिस्टार्ट करून बघितला का?', आणि यंत्र चार दिवसांत पंधरा वेळा स्वतःहून रिस्टार्ट झालेले असल्याने मामा निरुत्तर होतो.

अनुमान मात्र कष्टसाध्य आहे. त्याचा प्राण अन्वय-व्यतिरेक : जेथे ही पट्टी आहे तेथे पतन आहे, जेथे नाही तेथे नाही. तत्त्व सोपे, प्रयोग दुष्कर. सर्व पट्ट्या काढाव्या, एकच ठेवावी, परीक्षा घ्यावी, मग दुसरी. पट्टी तीच ठेवून खाच बदलावी, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा हे वेगळे होते. परीक्षेसाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम मान्य आहे. ख्रिस ब्रेडी यांनी तो १९९४ साली रचला. तो विंडोज सुरू होण्याआधीच पेन ड्राइव्हवरून चालतो, प्रत्येक पेशीत ठरावीक आकृती लिहितो आणि परत वाचतो. चूक सापडली की ती लगेच पडद्यावर मोजली जाते. येथे 'दोनच चुका आल्या, चालायचंच' असे म्हणता येत नाही. शून्याखेरीज प्रत्येक संख्या सारखीच अशुभ. विंडोजसोबत येणारी परीक्षा लवकर आटोपते आणि सौम्य आहे. उत्तीर्ण होण्याचीच इच्छा असेल त्याने ती द्यावी.

चार पट्ट्या चार खाचांत २४ प्रकारे बसतात. नीट परीक्षेस एक रात्र धरल्यास संपूर्ण अनुमानास २४ रात्री लागतील. नक्षत्रे सत्तावीस आहेत, म्हणजे चंद्र आपली फेरी पुरी करण्याआधी उत्तर मिळते. शयनगृहात संगणक असणाऱ्या विवाहितांनी हे अनुमान दिवसा करावे.

मीमांसकांनी मानलेली आणखी दोन प्रमाणे आम्ही त्याज्य समजत नाही. अनुपलब्धी, म्हणजे अभावाचे ज्ञान, येथे फार उपयोगी आहे. विंडोजच्या मिनीडंप नामक फोल्डरात पतनाचा टिपणकागद सापडला तर यंत्रास पडण्यापूर्वी दोन अक्षरे लिहिण्याइतका अवसर मिळाला. तो न सापडला तर वीजच खंडित झाली असण्याचा संभव वाढतो व रॅमवरील संशय एसएमपीएसकडे वळतो. आणि अर्थापत्ती. मुलगा म्हणतो, 'मी फक्त प्रोजेक्टचं टायपिंग करत होतो'. ग्राफिक्स कार्डाचा पंखा मात्र शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. टायपिंगाने तो पंखा इतका फिरत नाही. गेम सिद्ध होतो.

४. संप्रदाय

निवारणाच्या बाबतीत शास्त्रकारांत चार तट आहेत.

प्रलयवादी म्हणतात, 'सर, फॉरमॅट मारावा लागेल.' त्यांच्या मते सृष्टीतील दोष सृष्टीचा लय केल्यावाचून जात नाही. हा पक्ष संख्येने मोठा व वेगाने प्रथम आहे, कारण त्यास झाकण उघडावे लागत नाही. पण सदोष पट्टी प्रलयातून वाचते, इतकेच नव्हे तर नवे विंडोज तिच्याच मार्गे उतरत असल्याने नवी सृष्टीही मुळातच व्यंग घेऊन जन्मते. शिवाय डेस्कटॉपवर ठेवलेली गृहकर्जाची कागदपत्रे जातात.

घर्षणवादी अथवा खोडरबर-संप्रदाय. हा संप्रदाय भारतीय भूमीत जितका रुजला तितका अन्यत्र क्वचितच असेल, म्हणून त्यास स्वतंत्र जागा देतो. साधक पट्टी हातात आडवी धरतो, तिच्या तळाशी असलेले सोनेरी संपर्कबिंदू स्वतःकडे वळवतो, आणि शाळकरी खोडरबराने ते घासतो. डीडीआर-४ च्या पट्टीवर असे २८८ बिंदू असतात, दोन्ही बाजूंस मिळून. घासताना पांढरा रबर करडा होत जातो, आणि हा करडेपणा पाहून साधकाच्या मुखावर जे समाधान येते त्यास प्रस्तुत लेखक दोषनिवारणाचे पहिले फल मानतो. संप्रदायात दोन शाखा आहेत. श्वेतरबरी केवळ पांढरा मऊ रबर ग्राह्य मानतात. द्विवर्णी लाल-निळ्या रबराचा निळा, खरखरीत भाग वापरतात. तो मुळात शाई खरवडण्यासाठी असल्याने सोन्याचा मुलामाही खरवडतो आणि म्हणून ही शाखा दुर्वर्तनी समजावी. श्वेतरबरींतही एकदिशवादी व उभयदिशवादी असा पोटभेद आहे : एकदिशवादी बाहेरच्या अंगाकडेच घासतात, जेणेकरून संपर्कबिंदूंची कड उचकटू नये. त्यांचा पक्ष युक्त आहे. घासून झाल्यावर रबराचा चुरा फुंकरीने उडविण्याची प्रथा मात्र सर्वत्र आढळते. फुंकरीतील बाष्पामुळे ती निषिद्ध आहे, आणि चुरा खाचेत पडल्यास पुढील अनुत्थानाचे बीज पेरले जाते. सनातनी मत आयसोप्रोपिल अल्कोहोलाचे आहे.

तरीही या संप्रदायास फळ येते, हे नाकारता येत नाही. घासलेली पट्टी परत लावली की यंत्र बहुधा सुरू होते. कसून विचार केला असता दिसते की पट्टी काढून पुन्हा घट्ट बसविणे एवढेच बहुतेक वेळा पुरेसे होते. खोडरबर त्या वेळी तेथे उपस्थित होता. यास काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले. कावळ्याची पूजा मात्र चालू आहे.

वीजमूलवादी सर्व दोष एसएमपीएस आणि घराचे अर्थिंग यांवर टाकतात. कॅबिनेटला हात लावताच बोटास मुंग्या येतात, हे त्यांचे मुख्य साधन; आणि ते पुष्कळदा सबळ असते.

बायॉसवादी म्हणतात की मदरबोर्डाची मूळ आज्ञावली अद्ययावत करावी. २०१७ साली एएमडीचे पहिले रायझेन प्रोसेसर आले तेव्हा ते रॅमच्या बाबतीत फार चोखंदळ असल्याची ओरड झाली होती. त्याच वर्षी आलेल्या अॅजेसा १.०.०.६ या सुधारणेने रॅमजुळणीची २६ नवी परिमाणे खुली केली आणि पुष्कळ पट्ट्या मार्गी लागल्या. म्हणून हा पक्ष निराधार नव्हे. अद्ययावतीकरण चालू असता वीज गेल्यास बोर्ड दगावू शकतो, एवढे ध्यानी ठेवून हे कर्म यूपीएसच्या साक्षीने करावे.

५. मेलनविचार

आता या ग्रंथाचा गाभा. पट्टीला पट्टी का जुळत नाही?

स्थूल भेद प्रथम. डीडीआर-३ ला २४० संपर्कबिंदू व १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २८८ व १.२, डीडीआर-५ लाही २८८ पण १.१. शेवटच्या दोघांची बिंदुसंख्या एक असल्याने संकराची भीती होती. ती कडेवरील खाचेची जागा सरकवून टाळली आहे. तरीही जोर लावून पाहणारे आहेत. त्यांच्यासाठी हे शास्त्र नाही.

गतिभेद अधिक सूक्ष्म. डब्यावर ३२०० लिहिलेले असते. घरी मात्र पट्टी अनेकदा २१३३ वा २४०० च्या चालीने निघते. डब्यावरची चाल पट्टीतील एका चिमुकल्या चिपेत नोंदलेली असते, पण ती बायॉसमध्ये जाऊन मागावी लागते. इंटेलने २००७ साली या मागणीस एक्सएमपी असे नाव दिले, एएमडीने २०२२ साली आपल्या डीडीआर-५ यंत्रांसाठी एक्स्पो असे. कित्येक सद्गृहस्थांनी ही मागणी आजन्म केली नाही, आणि त्यांची यंत्रे कधी पडली नाहीत. उलट ज्याने मागणी केली तो यंत्राची कुंडली दाखविणारा सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडतो, तेथे १६०० हा आकडा पाहतो आणि दुकानदाराने निम्मा माल दिला असा ग्रह करून घेतो. यास आम्ही अर्धवंचनाभ्रम म्हणतो. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा देवघेव होते. १६०० चे ३२०० झालेले असतातच. दुकानात भांडण करून परतताना हा बोध झालेल्यांची संख्या लहान नसावी.

स्थानभेद : दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्या, असे बहुतेक चार खाचांच्या बोर्डांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. कारण तारेच्या टोकाशी पट्टी नसली तर तेथून संदेश उलट परततो आणि नव्या संदेशात मिसळतो. पहिल्या दोन खाचा रिकाम्या आणि जवळ आहेत म्हणून तेथेच पट्ट्या बसविणारा रांगेचा आदर करतो, पण दोन्ही पट्ट्या एकाच वाहिनीत गेल्याने निम्मी रुंदी गमावतो.

संख्याभेद : पट्ट्या वाढल्या की चाल उतरते. यात कोणाचा अपराध नाही, मेमरी कंट्रोलरवरील भार वाढतो. पहिल्या रायझेनसाठी एएमडीने दोन एकेरी (सिंगल रँक) पट्ट्यांस २६६६ आणि चार दुहेरी (ड्युअल रँक) पट्ट्यांस १८६६ अशी मर्यादा सांगितली होती. रायझेन ७००० साठी दोघींस ५२००, चौघींस ३६००. पुरवणी घेणाऱ्याने हे आकडे तोंडपाठ करावे.

पण सर्वांत गहन तो गर्भभेद. प्रस्तुत लेखकाच्या अभ्यासिकेतील यंत्रात आठ जीबीच्या दोन पट्ट्या सुखाने नांदत होत्या. काही काळाने त्याच नाममुद्रेच्या, त्याच गतीच्या, त्याच १६-१८-१८-३८ या कालांकांच्या आणखी दोन आणल्या. जुनी जोडी एकटी निर्दोष, नवी जोडी एकटी निर्दोष. चौघी एकत्र येताच मेमटेस्टच्या पडद्यावर चुकांचा आकडा चढू लागे. लेबल सोललेल्या जागी पाहिले असता, एकीच्या चिपांवर एका निर्मात्याची खूण, दुसरीच्या चिपांवर दुसऱ्याची. जगातील बहुतांश डीरॅम चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या घरच्या असतात. पट्टी बांधणारे जे मिळेल ते घेऊन वर आपले लेबल लावतात, आणि तेच लेबल वर्षभराने दुसऱ्या चिपांवर बसते. लेबलावर चार कालांक असतात. लेबलावर न येणारे दुय्यम कालांक याहून कितीतरी अधिक आहेत, आणि मतभेद होतो तो तेथे. यावरून आमचे मुख्य सूत्र : समलेबलत्व हे समगर्भत्वाचे साधक नव्हे. तर्कशास्त्रात असा हेतू सव्यभिचार म्हणून बाद होतो.

निवारणार्थ मदरबोर्डाचे निर्माते क्यूव्हीएल नावाची मान्यपट्टी-सूची प्रसिद्ध करतात. तीत नाव असलेली पट्टी बाजारात नसते. दुकानातील मुलगा म्हणतो, 'साहेब, सेमच आहे हो, फक्त कलर वेगळा', आणि पूर्वोक्त सूत्राचे पूर्वपक्ष-स्वरूप क्षणात पुढे उभे करतो. शुद्ध मार्ग एकच : जितकी रॅम हवी तितकी एकाच डब्यात, कारखान्यात एकत्र तपासलेली घ्यावी. तो चुकला असल्यास उरतो गत्यपकर्ष. ३२०० वरून २९३३ वर उतरताच लेखकाच्या चारही पट्ट्या रात्रभर निमूट चालल्या. घरगुती कामात या फरकाची जाणीव मनुष्याच्या इंद्रियांस होत नाही. तथापि पैसे ३२०० चे दिले आहेत, ही जाणीव इंद्रियातीत असून रात्री दोनच्या सुमारास प्रबळ होते. तेव्हा मनुष्य उठतो, बायॉस उघडतो, व्होल्टेज १.३५ चे १.३७ करतो. यास पुनःप्रलोभन म्हणतात.

६. सान्निध्यनिर्दोषता

घरी दिवसातून तीनदा पडणारे यंत्र दुकानाच्या टेबलावर पडत नाही. हा नियम सार्वत्रिक असूनही त्याचे कोठे विवेचन झालेले नाही. 'काका, इथे तर मस्त चालू आहे. तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल,' असे दुकानातील मुलगा म्हणतो, काका घरी जातात, यंत्र पडते. आम्ही याची तीन कारणे मानतो. दुकानात एसी असतो आणि अकोल्यास मे महिन्यात घरी तो नसतो. दुकानाचे अर्थिंग बरे असते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे असून त्यास स्कूटर-संस्कार असे नाव देतो : दोन पायांच्या मध्ये उभे धरलेले कॅबिनेट रस्त्यातील खड्ड्यांवरून जाताना त्यातील सैल पट्टी आपोआप बसते, व परतीच्या वाटेवर त्याच खड्ड्यांनी आपोआप उचकटते. म्हणून निदानासाठी नेलेले यंत्र शक्यतो दुकानातच एक रात्र ठेवावे, आणि आणताना रस्ता बदलावा.

७. निष्कासित पट्टीचे विधान

दोषी ठरलेली पट्टी काढल्यावर तिचे काय करावे? पुष्कळ पट्ट्यांना 'लाइफटाइम' वॉरंटी असते. आयुष्य कोणाचे, पट्टीचे, खरेदीदाराचे की त्या मालिकेचे, याचा उलगडा छापील अटींत बारीक अक्षरात असतो व वाचणाऱ्याचे आयुष्य त्यात मोजले जात नाही. जोडीने घेतलेल्या पट्ट्यांपैकी एक बिघडली तरी दोन्ही परत पाठवाव्या. एकटीच पाठविल्यास बदली येणारी पट्टी वेगळ्या गर्भाची असण्याचा संभव राहतो आणि जिज्ञासूस पाचवे प्रकरण पुन्हा वाचावे लागते. बिल नसल्यास पट्टी टेबलाच्या खणात, उरलेल्या स्क्रूच्या शेजारी, ठेवावी. ती त्याच खणातील चांगल्या पट्ट्यांत मिसळू नये म्हणून तिच्यावर मार्करने ठळक अक्षरांत 'खराब' असे लिहावे. 'बहुतेक खराब' असे लिहिणाऱ्यांची परंपरा वेगळी असून तिचे खंडन दुसऱ्या खंडात येईल.